वेष्टनावरील साक्ष

बाजारांतून आणलेल्या प्रत्येक जिनसेबरोबर आपल्या घरांत आणखी एक गोष्ट येते, व ती म्हणजे त्या जिनसेचें वेष्टन. जिन्नस खाऊन, पिऊन किंवा वापरून संपतो. वेष्टन संपत नाहीं. तें घराबाहेर पडतें, आणि एकदां घराबाहेर पडलें म्हणजे आपली जबाबदारी फिटली असें आपण समजतों. ह्या वेष्टनावर कांहीं मजकूर छापलेला असतो. तो खरा आहे काय, तो कोणासाठीं लिहिलेला आहे, आणि तो वाचून कोणास कांहीं करतां येतें काय, ह्या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

विषय सुचला तो वर्गांत. गेल्या पावसाळ्यांत इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांस आम्हीं सांगितलें कीं, घरांत आठवडाभर जीं जीं प्लॅस्टिकचीं वेष्टनें रिकामीं होतील, तीं धुऊन शाळेंत आणावीं. सोमवारीं टेबलावर मोठा ढीग झाला. दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, गोड्या तेलाचे पुडे, शांपूच्या चिमुकल्या पुड्या, दह्याचे डबे. आणि बटाट्याच्या वेफर्सचे चकचकीत पुडे तर सर्वांहून अधिक! प्रत्येकानें आपल्या हातांतील वेष्टनावरचा मजकूर वाचून दाखवावा असें ठरलें. किंमत सर्वांना तत्काळ सांपडली, तारीखही सांपडली. परंतु “आंतील माल संपल्यावर ह्या वेष्टनाचें काय करावें, हें कोठें लिहिलें आहे?” असें आम्हीं विचारतांच वर्ग गप्प झाला. पुष्कळ शोधाशोधीनंतर एका मुलीनें बाटलीच्या बुडाशीं असलेला तीन बाणांचा त्रिकोण व त्यांतील १ हा आकडा दाखविला. ती म्हणाली, “सर, ही खूण असली म्हणजे त्या वस्तूची पुन्हां नवी वस्तु होते.” सबंध वर्गानें मान डोलाविली. खरें सांगावयाचें तर कित्येक वर्षें आमचीही समजूत तीच होती.

त्या खुणेची हकीकत मात्र निराळी आहे. इ. स. १९७० मध्यें अमेरिकेंतील एका पुठ्ठ्याचीं खोकीं करणाऱ्या कंपनीनें, जुन्या कागदापासून केलेल्या मालासाठीं चिन्ह सुचवावें म्हणून विद्यार्थ्यांची एक स्पर्धा लाविली होती. तींत गॅरी अँडरसन नांवाच्या विद्यार्थ्यानें काढलेली बाणांची आकृति पहिली आली. अर्थात् ती खूण मूळची कागदाची. पुढें इ. स. १९८८ मध्यें तेथील प्लॅस्टिकच्या कारखानदारांच्या संघानें त्याच धर्तीच्या त्रिकोणांत १ पासून ७ पर्यंत आकडे घातले. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचें पेट. २ व ४ म्हणजे पॉलिएथिलीनच्या जाड व मऊ जाती. ३ म्हणजे पीव्हीसी. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ६ म्हणजे ज्याचा थर्माकोल होतो तें पॉलिस्टायरीन. आणि ७ म्हणजे उरलेलें सर्व. निवडणाऱ्यास प्लॅस्टिकची जात कळावी, एवढाच ह्या आकड्यांचा उद्देश. ही वस्तु कोणी परत घेईल, वितळवील व तिची नवी वस्तु करील, असें वचन त्यांत कोठेंही नव्हतें. परंतु आकड्याचा अर्थ पाठ करावा लागतो. फिरत्या बाणांचा अर्थ मात्र डोळा आपणच लावून घेतो. ह्या गैरसमजामुळें इ. स. २०१३ मध्यें त्या पद्धतीचे नियम ठरविणाऱ्या अमेरिकन संस्थेनें बाण काढून साधा भरीव त्रिकोण सुचविला. आणि कॅलिफोर्निया संस्थानानें इ. स. २०२१ मध्यें, जी वस्तु खरोखर पुन्हां उपयोगांत आणली जात नाहीं तिच्यावर हे बाण छापण्यास मनाई करणारा कायदा केला. आपल्याकडील वस्तूंच्या बुडाशीं मात्र ते बाण अद्यापि गोल फिरतच आहेत.

त्यांच्या फिरण्यास वस्तुस्थितीचा आधार किती, हेंही पाहूं. इ. स. २०१७ मध्यें तीन शास्त्रज्ञांनीं जगांतील सर्व प्लॅस्टिकचा हिशेब प्रसिद्ध केला. इ. स. २०१५ पर्यंत जेवढें प्लॅस्टिक कचऱ्यांत गेलें, त्यापैकीं शेंकडा सुमारें ९ भागच पुन्हां उपयोगांत आणला गेला, १२ भाग जाळला गेला, व उरलेला ७९ भाग उकिरड्यांवर किंवा जमिनीवर व पाण्यांत पसरला, असें त्यांना आढळलें. शंभरांतील नऊ वस्तूंची खरी गोष्ट शंभरांच्याही पाठीवर छापावयाची, ह्याला साक्ष कशी म्हणावी?

ह्या ठिकाणीं आम्हांला एका आजीबाईंची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वर्गांतील एका मुलाची ही आजी. तिचा जन्म कचरा वेंचण्यांत व भंगार निवडण्यांत गेला. ती अक्षरशत्रु आहे. “सर, माझी आजी हें सगळें न वाचतां सांगते,” असें तो मुलगा थोडा भीतभीतच म्हणाला. आम्हीं तिला शाळेंत येण्याची विनंति केली. ती आली, दाराशींच बसूं लागली. मुलांनीं आग्रहानें तिला खुर्ची दिली. मग तिनें तो ढीग पुढें ओढला, आणि दहा मिनिटांत त्याचे पांच ढीग केले.

ती वाचीत होती, पण डोळ्यांनीं नव्हे. पिशवी हातांत चुरगाळून ती कानाशीं धरी. करकर वाजणारी एकीकडे, मऊ पडून राहणारी दुसरीकडे. डबा अंगठ्यानें दाबून तो वांकतो कीं तडकतो हें पाही. जेथें संशय आला, तेथें तिनें पाण्याची बादली मागितली. बाटलीचा तुकडा बादलींत टाकला, तो तळाशीं गेला. तिच्याच झांकणाचा तुकडा टाकला, तो वर तरंगला. “बाटली निराळी, टोपण निराळं. दोन्ही एकांत घातलं तर शेठ भाव पाडतो,” असें ती म्हणाली. विज्ञानाच्या तासाला आम्ही जी घनता शिकवितों, ती हीच. पेट पाण्याहून जड आहे. पॉलिएथिलीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकीं आहेत. आकडा वाचतां न येणाऱ्या त्या बाईला आकड्यामागील शास्त्र हातानें अवगत होतें.

शेवटीं वेफर्सच्या पुड्यांचा ढीग उरला. तो तिनें बाजूला लोटला. हे पुडे एकाच प्लॅस्टिकचे नसतात. निरनिराळे पापुद्रे एकमेकांस चिकटविलेले असतात व आंतून धातूचा पातळ मुलामा असतो. ते सुटे करणें परवडत नाहीं. एका मुलानें त्यांतील एका पुड्यावरचे बाण तिला दाखविले व त्यांचा अर्थ सांगितला. तिनें पुडा उलटसुलट केला व विचारलें, “हा पुन्हां व्हतो म्हणतां, मग ह्याला घेतो कोण?”

वाचकहो, ह्या लेखांत आम्हांला जें म्हणावयाचें आहे, तें सर्व त्या प्रश्नांत आहे. वेष्टनावरील मजकूर ही एक साक्ष आहे. साक्षीदार जें सांगतो तें खरें असलें पाहिजे, एवढेंच नव्हे तर ज्या कामीं साक्ष मागितली त्या कामीं ती उपयोगी पडली पाहिजे. खोटी साक्ष देऊं नये हें आम्हां ख्रिस्ती लोकांस दहा आज्ञांतच सांगितलेलें आहे. आणि आमच्या शाळेंत येणाऱ्या सर्व धर्मांच्या मुलांच्या घरींही ह्याहून निराळी शिकवण असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तो नियम न्यायालयांतच लागू आहे, वाण्याच्या दुकानांतील फळीवर लागू नाहीं, असें कोणीं ठरविलें?

ह्या दृष्टीनें पाहतां आजच्या लेबलांत तीन दोष दिसतात. पहिला दोष असा कीं, तें वस्तु काय आहे हें सांगतें. काय करावें हें सांगत नाहीं. दुसरा दोष भाषेचा. आमच्या ढिगांतील बहुतेक वेष्टनांवर मराठी अक्षर औषधाला नव्हतें, आणि जो मजकूर होता तो इतका बारीक कीं मुलांना भिंग आणावें लागलें. तिसरा दोष सर्वांत वाईट. तो म्हणजे खऱ्याहून अधिक बोलणें. ‘निसर्गाचा मित्र’ असें पिशवीवर हिरव्या शाईनें छापलें म्हणजे पिशवीचा स्वभाव पालटत नाहीं. ‘कुजणारी पिशवी’ असें वाचून एखादी गृहिणी ती परसांतील खड्ड्यांत टाकते व महिनोगणती वाट पाहते. पण अशा पुष्कळ पिशव्यांची परीक्षा घेतलेली असते ती सुमारें ५८ अंश सेंटिग्रेड उष्णता कायम राखलेल्या ठिकाणीं. आपल्या परसांत ती उष्णता कोठून यावी? अशा मालावर, तो केवळ कारखान्यांतच कुजवितां येतो असें लिहावें, हें इ. स. २०२४ च्या सरकारी दुरुस्तीनें ठरविलें. आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें अशा पोकळ हिरव्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. हें योग्यच झालें.

पिशवीवरील साक्ष पारखतां येते, हेंही आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलें. इ. स. २०२२ च्या ३१ डिसेंबरपासून प्लॅस्टिकची हातपिशवी १२० मायक्रॉनहून पातळ असूं नये असा नियम आहे. १२० मायक्रॉन म्हणजे ०.१२ मिलिमीटर. नववीच्या मुलांनीं प्रयोगशाळेंतील स्क्रूगेज घेऊन बाजारांत मिळालेल्या पिशव्या मोजल्या. कांहीं पिशव्या आपल्या छापील आकड्यास जागल्या; कांहीं जागल्या नाहींत. ज्या दिवशीं हें मोजमाप झालें, त्या दिवशीं मुलांना त्या यंत्राचा उपयोग जितका समजला, तितका आमच्या फळ्यावरील आकृत्यांनीं कधींच समजला नव्हता.

आतां कोणी म्हणेल, “लेबल वाचतो कोण?” ह्या आक्षेपाला आपल्या नित्याच्या अनुभवांतच उत्तर आहे. छापील किंमत सर्व वाचतात. आठ वर्षांचा मुलगा एक रुपया अधिक मागणाऱ्या दुकानदारास ती दाखवून भांडतो. खाद्यपदार्थांवरील शाकाहाराचा हिरवा ठिपका निरक्षर माणूसही ओळखतो. उलट इ. स. १९९१ मध्यें सरकारनें पर्यावरणास कमी अपाय करणाऱ्या मालासाठीं मातीच्या माठाचें सुंदर चिन्ह काढलें. तें आपणांपैकीं कितीजणांनीं एखाद्या वस्तूवर पाहिलें आहे? माठ चांगला, पण तो घरोघर पोहोंचला नाहीं. ह्यावरून असें दिसतें कीं, जें लेबल ठरलेल्या जागीं, ठळक व सर्व मालावर सारखें असतें, आणि ज्याच्या जोरावर वाचणाऱ्यास कांहीं करतां येतें, तेंच वाचलें जातें.

ह्याचीं दोन चांगलीं उदाहरणें आपल्याच प्रांतांत आहेत. महाराष्ट्र सरकारनें इ. स. २०१८ च्या मार्चमध्यें प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना काढली, तींत दुधाच्या पिशवीवर ती परत घेण्याची किंमत, निदान ५० पैसे, छापावी असें म्हटलें होतें. ती मागणारे थोडे आणि देणारे त्याहून थोडे, असाच आमचा अनुभव आहे. तथापि कल्पना उत्तम होती. कारण ‘स्वच्छता राखा’ ह्या उपदेशापेक्षां ‘ही पिशवी परत द्या व पैसे घ्या’ हें वाक्य अधिक प्रामाणिक आहे. तें लिहिणाऱ्यासही बांधून घेतें. जर्मनींत एकदांच वापरावयाच्या बाटलीवर तिच्या अनामतीची खूण असते, आणि बाटली परत दिली कीं २५ सेंट हातांत पडतात. तेथें बाटल्या रस्त्यावर कां पडत नाहींत हें निराळें सांगावयास नको. दुसरें उदाहरण पुण्याचें. तेथील कचरा वेंचणाऱ्यांच्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेनें नागरिकांस विनंति केली कीं, वापरलेले डायपर व सॅनिटरी पॅड कागदांत गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका काढावा. ह्या लेबलाला छापखाना लागत नाहीं, कायदा लागत नाहीं. परंतु जिचा हात त्या कचऱ्यांत जावयाचा आहे, त्या भगिनीस तो ठिपका दुरूनच सावध करतो. आपण टाकलेली वस्तु पुढें कोणाच्या तरी हातांत जाते, ही आठवण ज्यांत आहे तें खरें लेबल.

तेव्हां आमची मागणी थोडक्यांत अशी. प्रत्येक वेष्टनावर, किंमतीच्या शेजारीं व किंमतीच्याच आकाराच्या अक्षरांत, त्या त्या प्रांताच्या भाषेंत एक वाक्य असावें, आणि तें आज्ञार्थी असावें: ‘धुवा, वाळवा, भंगारांत द्या’, किंवा ‘झांकण काढून निराळें ठेवा’. वस्तूचे भाग निराळे असल्यास प्रत्येकाविषयीं निराळें सांगावें, ऑस्ट्रेलियांत इ. स. २०१८ पासून अशी लेबलें प्रचारांत आहेत. जें वेष्टन कोणी घेत नाहीं, त्यावर बाण नसावेत. ‘ह्याचें पुन्हां कांहीं होत नाहीं’ असें स्पष्ट शब्दांत असावें. प्लॅस्टिकच्या जातीचा आकडा बोटाला चांचपतां येईल एवढा मोठा असावा. आणि जेथें शक्य तेथें परतीची किंमत असावी. इ. स. २०२५ च्या जुलैपासून उत्पादकांना वेष्टनासंबंधींची कांहीं माहिती क्यूआर कोडमधून देण्याची मुभा मिळाली आहे. सरकारी तपासनिसाला तिचा उपयोग होईल. पण चुलीपुढें दुधाची पिशवी फोडणाऱ्या आईनें प्रत्येक पिशवीसाठीं फोन हातांत घ्यावा, आणि भंगार निवडणाऱ्या आजीनें तर फोन कोठून आणावा, ह्याचाही विचार व्हावा. कोड असूं द्या. परंतु वाक्याच्या जागीं कोड नसावा.

आमच्या मतावर एक गंभीर आक्षेप आहे व तो आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. कित्येक विचारी लोक म्हणतात कीं, हीं लेबलें म्हणजे कारखानदारानें आपलें ओझें गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवण्याची युक्ति होय. पुड्यावर कचरा टोपलींत टाकणाऱ्या माणसाचें चित्र छापलें कीं, कारखानदार मोकळा आणि दोष आपला! ह्या म्हणण्यांत पुष्कळ तथ्य आहे. ज्या पुड्याचें कांहींच होऊं शकत नाहीं, तो टोपलींत टाकला काय आणि गटारांत टाकला काय, त्याचें मूळ पाप टाकणाऱ्याकडे नाहीं. परंतु आम्ही मागतों तें लेबल त्या चित्रासारखें नाहीं. ‘ह्याचें पुन्हां कांहीं होत नाहीं’ असें आपल्याच मालावर आपल्याच खर्चानें छापणें ज्याला भाग पडेल, तो फार दिवस तसलें वेष्टन वापरणार नाहीं. खरें बोलण्याची सक्ति ही वागणूक सुधारण्याची पहिली पायरी असते, हें शिक्षकाहून अधिक कोणास ठाऊक असणार?

आणि तरीही लेबल हा शेवटचा उपाय आहे हें विसरतां कामा नये. पहिला उपाय म्हणजे घरून कापडी पिशवी नेणें, शाळेंत पाण्याची बाटली घरून भरून आणणें, आणि शांपूच्या दहा पुड्यांऐवजीं एक बाटली घेणें. न घेतलेल्या वेष्टनावर लेबल लागत नाहीं.

आजीबाई येऊन गेल्यावर मुलांनीं वर्गाच्या मागल्या बाजूस चार पोतीं टांगलीं व मोठ्या हौसेनें त्यांवर चिठ्ठ्या लाविल्या: पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पेट, इतर. आठवड्यानें पाहतों तों चारही पोत्यांत सर्व कांहीं! ज्यांनीं चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांनाही घाईच्या वेळीं त्या उमजत नव्हत्या. तेव्हां त्या मुलानें आजीला विचारून नव्या चिठ्ठ्या लिहून आणल्या: ‘दुधाची पिशवी, धुऊन’, ‘बाटली, टोपण काढून’, ‘टोपणें व डबे’, आणि चौथ्या पोत्यावर ‘हें कोणी घेत नाहीं’. त्या दिवसापासून पोत्यांतील घोटाळा पुष्कळ कमी झाला. आणखी एक गोष्ट झाली, जिची आम्हीं अपेक्षा केली नव्हती. चौथें पोतें सर्वांत लवकर भरतें, हें मुलांच्या डोळ्यांवर आलें. डब्याच्या सुटींत वेफर्सचा पुडा फोडणारा मुलगा आतां त्या पोत्याकडे जातांना थोडा ओशाळतो. त्याला आम्ही कांहीं बोलत नाहीं. चिठ्ठी बोलते.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, घरच्या टोपलीजवळ अशा दोन चिठ्ठ्या आपल्या मुलांच्या हातून लिहवून घ्याव्या. आणि विद्यार्थीमित्रांनो, पुढें तुमच्यापैकीं कोणी कारखान्यांत जाईल, कोणी छापखान्यांत, कोणी सरकारी कचेरींत. एखादे दिवशीं वेष्टनावर काय छापावें हें ठरविण्याची पाळी तुमच्यावर येईल. त्या दिवशीं त्या आजीनें वर्गांत विचारलेला प्रश्न आधीं स्वतःस विचारा, आणि मगच छापा.